सात पासष्टची गोळी

ऑर्व्हिल श्टुट्झके वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे बोलणार आहे त्यावरून कुणाचाही तसा समज होईल. शेजारी म्हणून तो सोन्यासारखा आहे. जानेवारीत न सांगता आमच्या दारातला बर्फ उपसून जातो. फक्त एखादी गोष्ट त्याला माहीत नाही, असं कधी होत नाही. आमच्या नेमबाजी क्लबाचा तो उपाध्यक्ष आहे, आणि तोंड उघडलं की अध्यक्ष.

मी आर्डिस ब्रँडव्होल्ड. मेन स्ट्रीटवरच्या बुटांच्या दुकानात सदतीस वर्षं गुडघे टेकून मी या गावाचे पाय मोजले. कुणाचा डावा पाय मोठा, कोण मोजे रोज बदलत नाही, सगळं मला ठाऊक आहे, आणि मी ते कुणाला सांगत नाही. गेल्या मेमध्ये निवृत्त झाले. दुकानाने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मी मला एक पिस्तूल दिलं.

त्याचं कारण सांगते. दर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्या क्लबात जुन्या लष्करी पिस्तुलांची स्पर्धा असते. कुठल्यातरी देशाच्या सैन्याने वापरून मोडीत काढलेलं, पन्नास सालाआधीचं पिस्तूल आणायचं, पंधरा यार्डांवरून तीस गोळ्या मारायच्या, आणि जिंकणाऱ्याने अख्खं स्मोक्ड हॅम घरी न्यायचं. बावीस वर्षं मी त्या दिवशी क्लबाच्या स्वयंपाकघरात सँडविचं करत आले. खिडकी बरोबर रेंजकडे उघडते. बाहेर दुसऱ्यांचे बार वाजायचे आणि आत मी पाव कापायचे. वडिलांनी मला आठव्या वर्षी शेतावर नेम धरायला शिकवलं होतं, पण तुला येतं का, असं त्या बाहेरच्यांपैकी एकानेही कधी विचारलं नाही. मला राग यायचा. पाव जरा जाड कापले जायचे, एवढंच.

तर पिस्तूल. हंगेरीत बनलेलं, त्रेचाळीस सालचं, जर्मन सैन्यासाठी. कुठल्याशा गोदामात ग्रीस फासून पडून होतं, तिथून फिरत फिरत आमच्या राज्यात आलं. क्लबातली ती पंचेचाळीस कॅलिबरची धुडं माझ्या हातात मावत नाहीत. हे मात्र हातात घेतलं आणि वाटलं, बाई गं, हे आपल्याच मापाचं. अंगावर जर्मनमध्ये कोरलं होतं, कॅलिबर सात पासष्ट. बस्स, बाकी काही नाही.

पुढच्याच शुक्रवारी क्लबात तळलेल्या माशांचं जेवण होतं. मी पिस्तूल डब्यात घालून नेलं. ऑर्व्हिलने आत गोळी नसल्याची दोनदा खात्री केली (एवढं त्याला मानायला हवं), चष्मा कपाळावर सारला आणि अक्षरं वाचली.

"सात पासष्ट मिलिमीटर. सोपं आहे. गॉर्डी, पेन दे."

गॉर्डी म्हणजे माझा नवरा. त्याने पेन दिलं. ऑर्व्हिलने कागदी रुमालावर माशाचं तेल चुकवत भागाकार मांडला. सात पॉइंट पासष्ट भागिले पंचवीस पॉइंट चार. उत्तर आलं शून्य पॉइंट तीन शून्य एक इंच, आणि आमच्याकडे गोळीचं माप इंचाच्या शंभराव्या हिश्श्यात सांगतात.

"थर्टी!" त्याने टेबलावर बोट आपटलं. "हे थर्टीचं आहे. ल्यूगर पिस्तुलाला लागते ती थर्टी. गणित खोटं बोलत नाही, आर्डिस."

गणितावर काय बोलणार? मी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन थर्टी मागवली. ठेवत नव्हतेच ते. तीन आठवड्यांनी एक खोका आला, पन्नास गोळ्या, एकोणपन्नास डॉलर. त्या पैशात सरावाला किती गोळ्या मिळतील याचा मनात हिशेब केला, तरी घेतला.

काडतूस मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्यांच्या पेटीत, शिरेना. नळीच्या तोंडाशी धरून पाहिलं तर टोक तेवढं आत आणि अंग बाहेर. मी जोर केला नाही. पाय जात नसताना बुटात घुसवणारे लोक मी आयुष्यभर पाहिलेत, त्यांचे हाल मला माहीत आहेत.

"मग ही फ्रेंच थर्टी," पुढच्या शुक्रवारी ऑर्व्हिल म्हणाला. जरासुद्धा अडखळला नाही. "लांबोडी असते. ती आता कुणी बनवत नाही."

"मग मी काय करू या पिस्तुलाचं?"

"कागदांवर ठेव. वाऱ्याने उडणार नाहीत."

अख्खं टेबल हसलं. गॉर्डीसुद्धा हसला, मग माझ्याकडे बघून थांबला.

"हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस," ऑर्व्हिल म्हणाला. "मी दीडशे डॉलर देतो. क्लबाच्या काचेच्या कपाटात ठेवू. खाली तुझ्या नावाची चिठ्ठी लावू."

मला ते तीनशे वीसला पडलं होतं. पण पैशांनी नाही, त्या चिठ्ठीने माझं डोकं फिरलं. स्वयंपाकघरातून सुटले तर आता काचेच्या कपाटात?

"स्पर्धेच्या दिवसापर्यंत याची गोळी मिळाली नाही, तर दीडशेला तुझं," मी म्हणाले. "मिळाली, तर मी रेषेवर उभी राहणार आणि सँडविचं तुमची तुम्ही करणार."

त्याने हात पुढे केला, मी तो हलवला. टेबलाखाली गॉर्डीने माझ्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावर बंदुकांचा बाजार भरला. आम्ही दोघं गेलो. एका टेबलावर जुन्या मेणकागदात बांधलेल्या पुड्या होत्या. वर कुठल्यातरी परक्या लिपीत काहीतरी, आणि मार्करने "सर्व सात पासष्ट" असं लिहिलेलं.

"कुठल्या सालच्या?" मी विचारलं.

"जुन्या आहेत बाई, म्हणून तर स्वस्त. बार केल्यावर नळी लगेच धुवायची, नाहीतर गंजते."

"आणि बार झालाच नाही तर?"

"मग धुवायचा त्रास वाचला."

मी पुढे सरकले. शेजारच्याने प्लास्टिकच्या पिशवीतून सुट्या गोळ्या काढल्या. म्हणाला, मी स्वतः घरी भरतो, तुमच्या पिस्तुलाला बसतील अशा करून देतो, अर्ध्या किमतीत. सांगते, माझा हात पर्सकडे गेला होता. स्पर्धेला पाच आठवडे राहिले होते आणि मी अजून एकही गोळी झाडली नव्हती. गॉर्डीने माझा कोपर धरला.

"आर्डिस, दुसऱ्याने भरलेली गोळी आणि दुसऱ्याने वापरलेला टूथब्रश."

"माहीत आहे रे."

"पिस्तूल गेलं तर गेलं. तुझी बोटं मला हवीत. पॅनकेक कोण करणार?"

आमच्याकडे प्रेम असंच बोललं जातं. आम्ही पनीरचे तळलेले तुकडे खाल्ले आणि रिकाम्या हाताने घरी आलो. वाटेत मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी खिडकीबाहेर बघून मक्याला नावं ठेवते.

मग सप्टेंबरचा पहिला रविवार. चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरची कॉफी चालली होती. आमची ऑर्गन वाजवणारी बाई एक कॅटलॉग नाचवत माझ्याकडे आली. तिला जर्मन सँडल मागवायच्या होत्या.

"आर्डिस, तूच सांग. यात लिहिलंय एकोणचाळीस. मी सेंटीमीटरचे इंच केले तर पंधरा आले. पंधरा इंच! माझे पाय काय बदकाचे आहेत का?"

मी हसत सुटले. "अगं, ते सेंटीमीटर नव्हेत. त्याला भागायचं नसतं. ते नाव आहे नाव. तिकडच्या एकोणचाळीसला आपल्याकडे साडेआठ म्हणतात. पुरुषांच्या कपाटात तोच पाय सात होतो. पाय एकच, नावं ती—"

आणि मी कप खाली ठेवला.

ऑर्व्हिलने भागाकार केला होता.

सदतीस वर्षं, देवा! सदतीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आले की आकडा मापाचा नसतो, ज्याच्या त्याच्या गावचा असतो. आणि एका माणसाने माशाच्या रुमालावर भागाकार केला, तो मी मुकाट्याने घरी घेऊन आले! ऑर्व्हिलपेक्षा मला माझा राग आला. गॉर्डी केक खात होता. त्याची बशी हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "चल. डेल्मरकडे."

डेल्मर कुबियाक चाळीस मैलांवर राहतो. ऐंशीचा आहे, गॅरेजात बंदुका दुरुस्त करतो, रविवारीही. आतापर्यंत आम्ही त्याच्याकडे का गेलो नव्हतो? ऑर्व्हिलने सांगितलं होतं, जाऊ नका, तो 'नमस्कार' म्हणायचेही पैसे घेतो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, आणि आम्ही ऐकलं.

डेल्मरने पिस्तूल मोकळं करून दिव्याखाली धरलं. मी विचारलं, "याला तिकडे सात पासष्ट म्हणतात. तुम्ही इकडे काय म्हणता?"

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, लोक येऊन विचारतात, याचे इंच किती. हे असं विचारणारी तूच पहिली." मग म्हणाला, "थर्टी-टू ऑटो."

"पण भागाकार केला तर थर्टी येते."

"कुणी केला?"

"ऑर्व्हिल श्टुट्झकेने."

"मग आली असेल," डेल्मर म्हणाला आणि खोकला येईपर्यंत हसला. "अगं, तो नळीचा आतला आकडा. त्याला भागून थर्टी येणारच. पण इथे बारसं करणाऱ्याने थर्टी-टू नाव ठेवलं, त्याला कोण काय करणार? तिकडचे सात पासष्ट ब्राउनिंग म्हणतात, आपण थर्टी-टू ऑटो. गोळी तीच."

माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा.

"थांब, नाचू नकोस," तो म्हणाला. "नावावर विश्वास ठेवायचा नाही. माझ्यावरही नाही. आधी मोजू."

त्याने एक मऊ धातू वितळवून नळीच्या मागच्या, गोळी बसते त्या खोबणीत ओतला. तो घट्ट झाल्यावर लहानसा साचा बाहेर ढकलला, मोजला, पुस्तकात पाहिलं, पुन्हा मोजला. मग मान हलवली. बरोबर थर्टी-टू. धक्का झेलणारी स्प्रिंग थकली होती, ती बदलली. आणि दम दिल्यासारखं बोट उगारून सांगितलं: कारखान्यातली नवी गोळी घे, बंद खोक्यातली, साधी. 'जास्त जोराची' म्हणून विकतात ती नको, म्हाताऱ्याला शर्यतीत पळवायचं नसतं. पहिल्या दिवशी मॅगझिनमध्ये दोनच भरायच्या. उडालेली टरफलं उचलून बघायची, कुठे फुगलंय का, चिरलंय का. तसं काही दिसलं तर थांबायचं आणि इकडे यायचं.

"आणि पैसे किती?" गॉर्डीने भीत भीत विचारलं.

"स्प्रिंगचे अकरा. आणि ऑर्व्हिलला सांग, नमस्कार फुकट."

पण खरी गंमत सोमवारी झाली. आमच्याच गावातल्या त्या हार्डवेअरच्या दुकानात, जिथे थर्टीसाठी मी तीन आठवडे थांबले होते, तिथे सगळ्यात खालच्या फळीवर, उंदराच्या सापळ्यांशेजारी, थर्टी-टू ऑटोचे नऊ खोके धूळ खात होते. पन्नास गोळ्यांचा खोका एकवीस डॉलर. थर्टीच्या निम्म्याहूनही कमी. माझ्या बुटांच्या दुकानापासून दोन दारं सोडून! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तिथेच जमिनीवर बसून हसले. दुकानदाराला वाटलं मला चक्कर आली. नऊच्या नऊ खोके घेतले.

संध्याकाळी रेंजवर फक्त आम्ही दोघं. दोन गोळ्या भरल्या. गॉर्डी माझ्या मागे दहा पावलांवर उभा राहिला, मग म्हणाला, "नाही, इथे नाही," आणि जवळ येऊन उभा राहिला. मी चाप ओढला. लहानसा कोरडा बार, आणि टरफल उडून गवतात. दुसरा. कागदावर दोन भोकं, हाताच्या पंजाएवढ्या अंतरात. टरफलं उचलली. गुळगुळीत, एकही सुरकुती नाही.

"काय गं?" गॉर्डीने विचारलं.

"चालतंय!" मी ओरडले. "गॉर्डी, अरे, चालतंय!"

चार आठवडे मी रोज संध्याकाळी गेले. आधी सगळ्या गोळ्या डावीकडे खाली जायच्या, कारण माझं बोट घाई करत होतं. तिसऱ्या आठवड्यात बोट शहाणं झालं. ऑर्व्हिलला कळू दिलं नाही. त्याने विचारलं की मी उसासा टाकायचे आणि कोबीच्या लोणच्याचा विषय काढायचे.

स्पर्धेच्या सकाळी आम्ही क्लबात पोचलो तर काचेचं कपाट पुसून लख्ख केलेलं. आत मखमलीचा तुकडा. ऑर्व्हिल लिफाफा घेऊन पुढे आला, चेहरा अगदी मयताला आल्यासारखा.

"आर्डिस, तू प्रयत्न केलास. प्रयत्नाला मान आहे."

मी खोका त्याच्या हातात ठेवला. त्याने वाचलं. भुवया वर गेल्या.

"थर्टी-टू? वेडी झालीस का? थर्टीच्या नळीत थर्टी-टू? फुटेल ते!"

आणि खरंच दोन पावलं मागे सरकला. आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले. मी डेल्मरचा तो साचा आणि त्याने मापं लिहिलेला कागद पुढे केला. ऑर्व्हिलने कागद उलटा केला, सुलटा केला, साचा बोटांत फिरवला. मग दीडशेचा लिफाफा परत खिशात घातला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, पण बैलाचा मालक इतका केविलवाणा दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

"सँडविचं," मी आठवण दिली.

स्वयंपाकघरात गॉर्डीने एप्रन आधीच बांधला होता.

मी रेषेवर उभी राहिले. शेजारी ऑर्व्हिल, त्याचं पंचेचाळीस तोफेसारखं वाजत होतं, प्रत्येक बाराला माझ्या टोपीवर धूळ. मी श्वास सोडायचे, थांबायचे, बोट दाबायचे. तीस गोळ्या, एकही अडकली नाही. कागद मोजून आणला तेव्हा निकाल सांगणाऱ्याने माझा आकडा दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा त्याचा त्यालाच पटला नाही. तीनशेपैकी दोनशे एकसष्ट. ऑर्व्हिल दोनशे चोपन्न. बाकीचे त्याच्याही खाली.

हॅम मी स्वतः उचललं. सोळा पौंडांचं तरी असेल. मला गर्व झाला, आणि चांगला झाला. नम्रपणा मी सदतीस वर्षं गुडघ्यांवर बसून केला होता, तेवढा पुरे.

गाडीत हॅम ठेवत होते तर मागून ऑर्व्हिल आला. त्याच्या हातात लोकरीचा एक जुना, तेलकट मोजा होता. मला वाटलं आता काहीतरी सबब सांगणार. माझ्याकडे चांगली चार वाक्यं तयार होती.

त्याने मोज्यातून एक पिस्तूल काढलं. माझ्यासारखंच सडपातळ, झेकोस्लोव्हाकियाचं. म्हणाला, "वडिलांचं. लढाईहून आणलेलं. ते गेले तेव्हा मला मिळालं. त्यांच्या वाढदिवसाला दरवर्षी यातून एक तरी बार करायचा असं मी ठरवलं होतं." त्याने अंगावरच्या अक्षरांवर अंगठा ठेवला. "कॅलिबर सात पासष्ट."

मी हॅम सीटवर टेकवलं.

"अकरा वर्षांपूर्वी भागाकार केला," तो म्हणाला. "थर्टी तेव्हा कुठेच मिळाली नाही. मग मोज्यात घालून ठेवलं. अकरा वर्षं, आर्डिस."

माझी चारही वाक्यं विरून गेली. त्याचे डोळे ओले होते आणि तो क्लबाच्या छपराकडे बघत होता. मला त्याची दया आली, खरंच आली.

"आधी डेल्मरकडे," मी म्हणाले. "मोजल्याशिवाय एकही गोळी भरायची नाही."

"तो माझ्याशी बोलेल?"

"नमस्कार फुकट आहे."

पुढच्या रविवारी सकाळी तो डेल्मरच्या सहीचा कागद घेऊन रेंजवर आला. बातमी कशी कोण जाणे फुटली होती, निम्मा क्लब हजर. माझ्या खोक्यातल्या दोन गोळ्या मी त्याच्या तळव्यावर ठेवल्या. त्याने त्या भरल्या. पिस्तूल दोन्ही हातांनी धरलं. पहिली गोळी कागद सोडून मागच्या टेकडीला लागली. दुसरी कागदाला. त्याने पिस्तूल मोकळं केलं, खाली ठेवलं, गवतातून दोन्ही टरफलं शोधून उचलली, निरखली आणि खिशात टाकली.

मग माझ्याकडे वळून काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालास?" मी कानांवरची झाकणं बोटाने ठोकली. "ऐकू येत नाही रे. मोठ्याने."

"मी चुकलो, म्हटलं!" ऑर्व्हिल श्टुट्झके ओरडला.

अख्ख्या रेंजने ऐकलं. कुणीतरी शिट्टी वाजवली. तो लालबुंद झाला, हसायला लागला, आणि बाहीने डोळे पुसत त्याने आणखी दोन गोळ्यांसाठी हात पुढे केला.